अधिवासना : सोसणे आणि स्वीकारणे

वर्षावासाच्या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, हे वाचकांना सांगावयास नको. मुरबाड तालुक्यातील धसईच्या परिसरात अशाच एका वाचनास काही वर्षांपूर्वी मी गेलो होतो. धसई हे बाजाराचे गाव. २०१६ साली रोखीविना व्यवहार करणारे राज्यातील पहिले गाव म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले होते. आषाढाचे दिवस होते. पूर्वेची सह्याद्रीची भिंत ढगांत बुडालेली, आणि पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावे लागे. मला दिलेला विषय 'खन्ति' हा होता. दहा पारमितांपैकी ही एक. तिच्या स्पष्टीकरणासाठी मी पालि वाङ्मयातील 'अधिवासना' हा शब्द घेतला, त्याचा अर्थ 'सोसणे' असा सांगितला, आणि सोसल्यावाचून माणूस घडत नाही, समाजही बदलत नाही, अशा आशयाचे तासभर बोललो.

बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतील एका वृद्ध उपासिकेने विचारले, "सर, माझ्या सासूनं सोसलं, आईनं सोसलं. बाबासाहेबांनी सांगितलं, आता सोसू नका. मग तुम्ही परत सोसायलाच सांगायला आलात का?"

सभेत थोडे हसू उमटले. मी काहीतरी उत्तर दिले. परंतु ते उत्तर नव्हते, हे त्या बाईंना कळले होते आणि मलाही. कल्याणला परततांना वाटेत लक्षात आले की चूक धम्माची नव्हती, भाषांतराची होती. त्या चुकीची दुरुस्ती करण्यासाठी हा लेख.

'अधिवासेति' हे क्रियापद 'अधि' हा उपसर्ग आणि 'वस्' हा धातू यांपासून झालेले प्रयोजक रूप आहे. आत राहू देणे, वास करू देणे, असा त्याचा मूळ अर्थ. तहसील कचेरीत आपण ज्या अधिवासाचा दाखला मागतो, तो अधिवासही याच धातूचा. पालि ग्रंथांत या क्रियापदाचे दोन उपयोग आढळतात, आणि विद्यार्थ्यांना शिकवितांना आम्ही ते दोन वेगळे अर्थ म्हणून सांगून मोकळे होतो. पहिला उपयोग थंडी, ऊन, भूक, डास, कटू शब्द, शरीराची वेदना इत्यादी सहन करण्याच्या संदर्भात येतो. दुसरा उपयोग विनयपिटकात आणि सुत्तांत पदोपदी भेटतो. कोणी गृहस्थ येतो, दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे निमंत्रण देतो, आणि तथागत मौनाने त्याचा स्वीकार करतात. त्या स्वीकारासाठी हेच क्रियापद वापरलेले आहे. अर्थात जेवणाच्या आमंत्रणाला होकार देणे आणि भुकेची कळ सहन करणे या दोन्ही क्रिया पालि भाषेला एकाच जातीच्या वाटल्या. दोहोंत होकार आहे. मराठीतील 'सोसणे' या शब्दात तो नाही. दुसऱ्याने पाठीवर लादलेले ओझेही आपण सोसतो आणि स्वतः उचललेले ओझेही सोसतो, शब्द एकच. ज्या समाजाने शतकानुशतके पहिल्या प्रकारचे ओझे वाहिले, त्याच्यासमोर हा शब्द बेसावधपणे उच्चारणे म्हणजे पालिचे अज्ञान नव्हे. इतिहासाचे अज्ञान होय.

होकार देऊन स्वीकारलेल्या अस्वस्थतेचे पालि वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, योगायोगाने, आपल्याच भूमीचे आहे. मज्झिम निकायातील पुण्णोवादसुत्तात आलेला पुण्ण हा सुनापरान्त प्रदेशाचा. अट्ठकथेची परंपरा आणि दिव्यावदानातील पूर्णावदान या दोन्ही त्याला सुप्पारक म्हणजे आजच्या सोपाऱ्याशी जोडतात. (ब्रह्मदेशी परंपरा आपल्या देशातील एका भूभागालाही सुनापरान्त म्हणते, परंतु त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.) सोपारा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी तेथे मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. धम्मदीक्षेच्या वर्षीच अशोकाचे अक्षर या मातीतून वर यावे, याचा अनेकांना हर्ष वाटतो. मला तो निव्वळ योगायोग वाटतो, पण गोड वाटतो.

धसईच्या वाचकांना सोपारे दूर वाटेल. प्राचीन काळी ते तसे नव्हते. सोपारे आणि कल्याण या बंदरांवर उतरलेला माल आजच्या मुरबाड तालुक्यातून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढे आणि जुन्नरला जाई. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे, म्हणून आपल्या वाचकांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. परंतु त्याच घाटात पाण्याच्या टाक्यावर एक लहानसा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने वाटसरूंसाठी टाके खोदवून दिले, एवढेच तो सांगतो. पायाखाली हाच रस्ता होता, आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर भिक्खूही याच वाटेने वरखाली करीत असले पाहिजेत. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांची संख्या त्याची साक्ष देते.

पुण्ण हा व्यापारी. तांड्याबरोबर सावत्थीला गेला, तथागतांचे प्रवचन ऐकले आणि संघात प्रविष्ट झाला. पुढे त्याने आपल्या प्रदेशात परत जाऊन राहण्याची इच्छा व्यक्त केली. तथागतांनी त्याला सावध केले की सुनापरान्तचे लोक तापट आणि कठोर आहेत. (ते लोक म्हणजे आपलेच पूर्वज; कोकणातील वाचकांनी हे हसून मान्य करावे.) त्यांनी शिवीगाळ केली तर तुला काय वाटेल, असे विचारल्यावर पुण्ण म्हणतो की हे लोक भलेच म्हणावयाचे, कारण त्यांनी हात तर उचलला नाही. मग प्रश्न एकेक पायरी चढत जातो : हात, ढेकूळ, काठी, शस्त्र, आणि शेवटी प्रत्यक्ष मरण. प्रत्येक पायरीवर पुण्ण तसेच शांत उत्तर देतो. तेव्हा तथागत त्याच्या संयमाची प्रशंसा करतात आणि जाण्यास अनुज्ञा देतात. पहिल्याच वर्षावासात तेथे पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका झाल्या, असे सुत्त सांगते.

हा संवाद आपल्याकडे नेहमी सहनशीलतेचा आदर्श म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेच. तथापि दोन गोष्टी नजरेतून निसटतात. पहिली अशी की पुण्णाला कोणी तेथे पाठविलेले नाही. तो सावत्थीला सुखाने राहू शकला असता. दुसरी गोष्ट अट्ठकथेत आहे आणि मला ती विलक्षण वाटते. सुनापरान्तात आल्यावर पुण्ण एका ठिकाणी टिकला नाही. पहिल्या डोंगरावर त्याच्या भावाने त्याला ओळखले, म्हणून तो समुद्राकाठच्या विहारात गेला. तेथे लाटांच्या गाजेने चित्त एकाग्र होईना. पुढे तो दुसऱ्या डोंगरावर गेला, तर तेथे पक्ष्यांचा किलबिलाट अहोरात्र चाले, म्हणून त्याने तेही स्थान सोडले. शस्त्राचा घाव शांतपणे घेण्यास सिद्ध असलेला हा थेर पाखरांच्या आवाजाला कंटाळून बिऱ्हाड हलवितो! अट्ठकथाकारांना यात काही विसंगती वाटली नाही, आणि ती नाहीही. लोकांत जाऊन धम्म सांगावयाचा तर लोकांचा राग हा त्या कार्याचा भाग होता; त्याला होकार देणे भाग होते. पाखरांचा गोंगाट सोसून कोणाचेच काही साधणार नव्हते.

हीच विवेकाची रेषा सब्बासवसुत्तात स्पष्टपणे आखलेली आहे. चित्तातील आस्रव नाहीसे करण्याचे सात मार्ग तेथे सांगितले आहेत. त्यांपैकी एक अधिवासनेचा. आणि त्याच्या लगेच पुढचा परिवज्जनाचा, म्हणजे टाळण्याचा. थंडी, ऊन, भूक, कटू वचने सहन करावीत. मात्र पिसाळलेला हत्ती, घोडा, बैल, कुत्रा, साप, काटेरी जागा, खड्डा यांपासून दूर व्हावे. सापाला मैत्रीने मिठी मारावी, असे धम्म सांगत नाही. सर्व दुःख सारखेच पवित्र आहे, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आणि फार सोयीची आहे. ती ज्यांनी प्रचलित केली ते स्वतः बहुधा सोसणाऱ्यांत नव्हते.

तथागतांच्या काळी या कल्पनेचे समर्थक थोडे नव्हते. पूर्वकर्म जाळण्यासाठी देहाला क्लेश द्यावा, असे निगण्ठांचे मत देवदहसुत्तात येते, आणि त्याचे खंडन करून तथागत बाण करणाऱ्या कारागिराचा दृष्टांत देतात. बाणाची काठी वाकडी असेल तर तो ती दोन निखाऱ्यांमध्ये तापवितो आणि सरळ करतो. एकदा ती सरळ झाली की पुन्हा तापवीत बसत नाही. कारण ज्या कामासाठी तापविले ते काम झालेले असते. सुखात राहून अकुशल वृत्ती वाढतात आणि कष्टाने कुशल वृत्ती वाढतात असे ज्याला दिसते, त्याने कष्ट घ्यावेत. काम झाल्यावर ते थांबवावेत. आच ही काठीसाठी आहे, काठी आचेसाठी नाही. विनयपिटकात महावग्गाच्या एकाच खंधकात दोन सोण भेटतात आणि दोघांनाही हाच न्याय लावलेला दिसतो. पहिला सोण कोळिविस, अतिशय सुखवस्तू घरातला. चंक्रमण करतांना त्याचे तळपाय फुटून जमीन रक्ताने माखली. तथागतांनी त्याची पाठ थोपटली नाही. वीणेच्या तारा फार ताणल्या तर त्यांतून सूर निघत नाही, हे त्यांनी त्याला समजाविले. दुसरा सोण कुटिकण्ण, अवन्तीचा. त्याच्या प्रदेशात भिक्खू थोडे, जमीन गुरांच्या खुरांनी खडबडीत आणि टणक. त्याच्या तक्रारी ऐकून तथागतांनी सीमेवरील प्रदेशांसाठी नियमच सैल केले. दहांऐवजी पाच भिक्खूंनी उपसंपदा द्यावी, जाड तळव्यांची पादत्राणे वापरावीत, वारंवार स्नान करावे. याउलट देवदत्ताने पाच कडक नियम सर्व भिक्खूंवर जन्मभर लादण्याची मागणी केली, तेव्हा ती नाकारण्यात आली. ज्याची इच्छा असेल त्याने पाळावेत, इतकेच.

आता त्या उपासिकेच्या सासूकडे वळू.

वतनी महारकी म्हणजे काय, हे ज्यांनी दया पवार यांचे 'बलुतं' किंवा बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचले आहे त्यांना ठाऊक आहे. १८७४ च्या वतन कायद्याने त्या दास्याला सरकारी शिक्का मिळाला होता. सारावसुलीच्या वेळी पाटलाच्या हाताखाली राबणे, सरकारी टपाल पोचविणे, वेशीवर पहारा, मढ्याची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे. दिवसाचा आणि रात्रीचा कोणताही प्रहर वर्ज्य नाही. घरातला पुरुष आजारी असेल तर बायकोने, नाहीतर मुलाने जावयाचे. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते, दारोदार मागितलेली भाकर, आणि मेलेल्या ढोराचे मांस. ते मांस वाळवून त्याच्या चान्या साठवीत आणि पावसाळ्यात, हाताला काम नसे तेव्हा, त्यांवर गुजराण होई. पौषातील म्हशाच्या यात्रेत ज्या गुरांचे सौदे होत, त्यांचा शेवट कोणाच्या खांद्यावर येई, हे गावाला माहीत होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असा आग्रह धरला, ही गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. माझ्या मते पहिल्याइतकीच दुसरी गोष्ट कठीण होती. तळ्यावर ओंजळ भरण्याची कृती एका दिवसाची. तिच्यासाठी लागणारे धैर्य हजारोंच्या सोबतीने मिळते. चुलीवरचे मडके मात्र रोजचे, आणि ते एकटीचे.

एकटीचे, असे मी हेतुपूर्वक म्हणतो. परिषदांतून ठराव करणारे बहुतेक पुरुष होते. ठराव घरी पोहोचल्यावर त्याची अंमलबजावणी ज्यांना करावी लागली त्या स्त्रिया होत्या. मृत मांस बंद, मागून आणलेली भाकर बंद. मग पोरांच्या पुढ्यात काय ठेवावयाचे, याचे उत्तर ठरावात नव्हते. बाबासाहेबांना याची जाणीव होती, हे त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडलाच स्त्रियांसमोर त्यांनी जे स्वतंत्र भाषण केले त्यावरून दिसते. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरणारे जड दागिने टाका, घरात मृत मांस येऊ देऊ नका, मुलींना शिकवा. वरवर पाहता या किरकोळ गोष्टी. परंतु ज्या गावात तुमचा पदर किती लांब असावा हे गाव ठरविते, तेथे पदर बदलून पाणवठ्याच्या वाटेने चालणे म्हणजे पुण्णाच्या प्रश्नमालिकेची पहिली पायरी रोज सकाळी नव्याने चढणे होय.

गावाचे उत्तर ठरलेले होते : बहिष्कार. दुकानातून मीठमिरची बंद, दळण बंद, शेतावरचे काम बंद, गुरे चारावयाला बंदी, पायवाट बंद. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने (बाबासाहेब तिचे सदस्य होते) १९३० च्या अहवालात या शस्त्राचे स्वरूप नोंदविले आहे. अस्पृश्य वर्ग उपजीविकेसाठी गावावर अवलंबून असल्यामुळे गावाला हात उगारण्याचीही गरज पडत नाही, असा त्याचा आशय.

बहिष्कारापेक्षाही मला अधिक बोचणारी बाब वेगळी आहे. वतन सोडणे हे केवळ जुलूम सोडणे नव्हते. त्यात मिळकत होती, आणि मिळकतीला चिकटलेला मानही होता. बावन्न हक्कांची गोष्ट वडीलधारी माणसे अभिमानाने सांगत. काठी हाती घेऊन वेशीवर उभा राहणारा येसकर गावाच्या लेखी हीन होता, पण वाड्यात त्याचा शब्द चाले. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा विरोध केवळ सवर्णांकडून झाला असे नाही. आपल्यातील वतनदारांच्याही मनात चलबिचल होती. ते विधेयक अखेर मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि पुढील वर्षी अंमलात आला. बाबासाहेब तेव्हा नव्हते. दास्यालाही एक ऊब असते, आणि ती सुटतांना थंडी वाजते. ही थंडी अधिवासनेच्या यादीतली. येथे ती कोणी लादलेली नव्हती. स्वतःहून दार उघडून आत घेतलेली होती.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी या जुन्या वादाची आठवण सांगितली आहे. मेलेली जनावरे ओढणे सोडल्यामुळे कातडी, शिंगे, हाडे यांचे वर्षाला पाचशे रुपयांचे उत्पन्न महार गमावतात, असा हिशोब कोणी 'केसरी'तून मांडी. बाबासाहेबांचे उत्तर असे की हा फायदा तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो. त्या भाषणाचा रोख लाभापेक्षा अब्रू मोठी या मुद्द्यावर आहे. परंतु येथे एक सावधगिरी हवी. हा हिशोब ज्यांच्या तोंडी आला ते बाहेरचे होते, म्हणून तो हास्यास्पद ठरला; नुकसान मात्र खोटे नव्हते. ते खरे होते, आणि ते मोजून, समजून पत्करले गेले. आजचे काही वक्ते जुन्या पिढीने 'सहज' सोडले असे म्हणतात, तेव्हा ते त्या पिढीचा गौरव करीत नाहीत, तिची किंमत कमी करतात.

हीच गोष्ट दीक्षेनंतर पुन्हा घडली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माबाहेर गेलेल्यास त्या सवलती नव्हत्या. शिखांपुरता अपवाद १९५६ मध्ये झाला. म्हणजे बौद्ध म्हणून नाव नोंदविणाऱ्याने शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा यांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावयाची. महाराष्ट्र शासनाने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात त्या मिळावयास १९९० साल उजाडले. असे असूनही आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास असलेली बौद्धांची संख्या १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाली. या आकड्याकडे आपण विजयाचा आकडा म्हणून पाहतो. त्यातील प्रत्येक नोंद करतांना एका घरात एक लहानशी चर्चा झाली असेल, आणि मुलाच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत आला असेल, हेही लक्षात घ्यावे. काहींनी दाखल्यावर एक आणि घरात दुसरे अशी तडजोड केली. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार वाटत नाही. ज्याच्या पायाखालची जमीन टणक असेल त्याला जाड तळव्याची पादत्राणे विनयानेही दिली आहेत.

मग कोणती अस्वस्थता घ्यावी आणि कोणती नाकारावी? शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. मुंबईच्या नळाला त्यांचे पाणी जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला अधिवासनेचा उपदेश करणे हा धम्माचा अपमान होय. तिच्या बाबतीत लागू असलेला मार्ग परिवज्जनाचा, किंबहुना विनोदनाचा, म्हणजे जे आहे ते हटविण्याचा आहे. चवदार तळ्याचा खटला उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघेपर्यंत दहा वर्षे लढविला गेला, तो पाण्यावाचून राहण्याची सवय व्हावी म्हणून नव्हे. परंतु त्या पाड्यांवर टँकर यावा म्हणून तहसील कचेरीत दिवसभर उभे राहणे, तेथील शिपायाची हेटाळणी ऐकणे, पुन्हा जाणे; यातील अस्वस्थता मात्र घेण्याजोगी आहे. ती घेण्याची पाळी आता पाड्यावरच्या कातकरी कुटुंबाची नसून, शिकून नोकरीला लागलेल्या आणि कल्याण-अंबरनाथला सदनिका घेतलेल्या आपल्यासारख्यांची आहे. आपल्यापैकी किती जणांना त्या रांगेत उभे राहतांना अवघडल्यासारखे होईल, याचे उत्तर मी स्वतःपुरते दिले तरी ते मला फारसे भूषणावह नाही. विहारात बसून खन्तीवर तासभर बोलणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे.

पुढच्या वर्षावासात मी पुन्हा धसईच्या त्या वस्तीवर गेलो. या वेळी व्याख्यान दिले नाही. त्या आजींच्या ओटीवर बसून 'अधिवासेति'चे दोन अर्थ सांगितले आणि मागच्या भाषांतराबद्दल चूक कबूल केली. त्यांनी ते ऐकून घेतले. फारसे नवल वाटल्याचे दिसले नाही. मग त्या आपणहून सासूविषयी बोलू लागल्या. मागायला जाणे बंद झाले त्या वर्षी सासू गवत कापावयाला जाऊ लागली. भारे डोक्यावर आणि पोर कमरेला. चान्यांचे मडके तिने स्वतः फोडले. "पण सर, म्हातारपणी एकदा ती हळूच म्हणाली होती, चव अजून जिभेवरनं गेली नाही म्हणून. आणि म्हणाली, हे कुणाला सांगू नको." आजी थोड्या थांबल्या. "आता तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. सांगितलं तर चालेल ना?"

मी म्हटले, चालेल.

निघतांना त्यांनी पुण्णाची गोष्ट पुन्हा ऐकवायला सांगितली. पाखरांना कंटाळून त्याने जागा बदलली तेथे त्या मोकळेपणाने हसल्या. शेवटी पाचशे उपासिका झाल्या असे सांगितले, तेव्हा त्यांनी त्यांची नावे विचारली. सुत्तात ती दिलेली नाहीत.